लेबल पाहिल्याशिवाय पिशवी फोडू नये
(नव्या कार्यप्रणालीवर सॉफ्टवेअर बसवताना आलेला अनुभव व त्यानिमित्ताने केलेला अभ्यास)

— द्वितीय वर्ष कला, मराठी

संगणकशास्त्रावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आरंभीच नमूद करते. मी मराठी विषय घेऊन शिकणारी विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील, म्हणजे आमचे आबा, सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. माण तालुक्यातील चार एकर कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी एवढ्यावर आमचा प्रपंच चालतो. तरीही हा विषय मी निवडला, त्याला कारण आहे. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलली आणि त्या बदलात माझ्या आजीच्या १४३ ओव्या हातच्या जाता जाता राहिल्या. माझ्यासारखे जुने संगणक वापरणारे पुष्कळ विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत. त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बदल का करावा लागला?

माझा लॅपटॉप दुसऱ्या हाताचा, ९,००० रुपयांना घेतलेला. त्यात चार जीबी मेमरी आहे. त्यावर विंडोज १० होती. ती दुकानदाराने भरून दिली होती. तिचा परवाना होता की नव्हता, हे मी त्यावेळी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि तिच्या सर्वसाधारण मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. प्रणाली त्या दिवशी बंद पडत नाही. पण तिच्यातील नवी भोके बुजवली जात नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नव्हते. नवा संगणक घेणे शक्य नव्हते. तेव्हा प्रयोगशाळेतील सरांच्या सल्ल्याने मी लिनक्स मिंट ही प्रणाली घेतली. २२ व्या मालिकेतील एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मी निवडली. तिला किमान दोन जीबी मेमरी पुरते आणि तिच्या सुधारणा २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

या प्रणालीची वंशावळ आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशा ग्नू प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉर्वाल्ड्स याने लिनक्स हा गाभा लिहावयास घेतला. १९९३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने या सर्व भागांची व्यवस्थित मांडणी करणारा डेबियन हा प्रकल्प सुरू केला. डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभी राहिली आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनच्याच कुळातील. टॉर्वाल्ड्स आणि मर्डॉक यांनी आरंभ केला तेव्हा त्यांचे वय आपल्याएवढेच होते, हे वाचून मला धीर आला.

पहिली चूक

प्रणाली बसवण्याचे काम एका दुपारीत झाले. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. नवी प्रणाली म्हणजे नुकतेच सारवलेले घर; भांडीकुंडी आपल्यालाच लावावी लागतात. आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे साफ करण्यासाठी मला एक सॉफ्टवेअर हवे होते. मी जुन्या सवयीने वागले. शोधयंत्रात नाव टाकले, पहिल्या दिसलेल्या पानावरून फाइल उतरवली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली. काहीच झाले नाही. ती फाइल विंडोजसाठी बांधलेली होती. लिनक्सला तिची भाषाच कळत नव्हती.

झाले ते बरेच झाले, असे आता वाटते. कारण याच सवयीने बारावीत असताना मी एका अनोळखी पानावरून 'मोफत' टंकलेखनाचे सॉफ्टवेअर उतरवले होते. त्याबरोबर न मागितलेली आणखी तीन सॉफ्टवेअरे आत शिरली आणि पडद्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. ते निस्तरण्यात परीक्षेच्या तोंडावर माझा आठवडा गेला होता.

हा प्रकार मी आबांना सांगितला. त्यांना संगणकातले काही कळत नाही, पण बियाण्यातले कळते. एका वर्षी स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी बाजारातून बाजरीच्या बियाण्याची पिशवी आणली होती. निम्मे रान उगवलेच नाही, आणि तक्रार करावी तर पावती नव्हती. तेव्हापासून ते पिशवी खालच्या बाजूने फोडतात. वरचे लेबल शाबूत ठेवतात, पावती आणि मूठभर बियाणे जपून ठेवतात. ते म्हणाले, "बाय, लेबल बघितल्याबिगर पिशवी फोडू नये. तुझ्या त्या डब्यालाबी तेच लागू असंल." पुढे मी जे वाचले, त्यावरून आबांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

भांडार म्हणजे काय?

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर दारोदार हिंडून गोळा करायचे नसते. प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे एक भांडार असते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या प्रणालीची देखभाल करणारे लोक सॉफ्टवेअर घेतात, आपल्या प्रणालीला जुळेल असे बांधतात आणि भांडारात ठेवतात. अशा एका बांधलेल्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक पॅकेजेस आहेत, यावरून या भांडाराच्या आकाराची कल्पना येईल.

भांडारातून वस्तू आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला 'सॉफ्टवेअर मॅनेजर'चा. मेनूतून तो उघडावा, नाव शोधावे, वर्णन वाचावे आणि बसवण्याचे बटण दाबावे. दुसरा मार्ग टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टंकून देण्याचा. काळ्या पडद्याची मला प्रथम भीती वाटली. पण त्यातील आज्ञा म्हणजे साधी वाक्येच आहेत. त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात. येथे फक्त उच्चार देते.

'सुडो ॲप्ट अपडेट' या आज्ञेने कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही. भांडाराची नवी यादी तेवढी आपल्याकडे येते. ग्रंथालयातील सूची अद्ययावत करण्यासारखे हे आहे. सूची बदलली म्हणून पुस्तक घरी येत नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि त्यापुढे पॅकेजचे नाव लिहिले की ते सॉफ्टवेअर येते. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' या आज्ञेने आपल्याकडे असलेल्या सर्व पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या येतात. 'सुडो' या शब्दाचा अर्थ मालकाच्या अधिकाराने हे काम कर, असा. म्हणून तेथे पासवर्ड विचारला जातो. तो टंकताना पडद्यावर त्याची अक्षरे उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजून मी अर्धा तास घालवला. तो कोणी घालवू नये.

मी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर मागितले, तेव्हा टर्मिनलने आणखी काही नावांची यादी दाखवली, किती उतरवावे लागेल आणि डिस्कवर किती जागा जाईल ते सांगितले आणि मग 'होय की नाही?' असे विचारले. ही जादा नावे कसली? बारावीतला प्रसंग आठवून मी घाबरले होते. पण हा प्रकार वेगळा आहे. एक सॉफ्टवेअर आपली सर्व कामे स्वतः करत नाही. ध्वनी वाचण्याचे, चित्र दाखवण्याचे काम ते दुसऱ्या तयार भागांकडून करून घेते. त्यांना लायब्ररी म्हणतात. जाते मागितले तर खुंटाही आणावाच लागतो, त्यातला हा प्रकार. कोणाला कशाची गरज आहे हे पॅकेजमध्ये लिहिलेले असते आणि ॲप्ट ते वाचून सगळे एकदम आणते. तोच खुंटा दुसऱ्या जात्यालाही चालत असेल, तर तो पुन्हा आणला जात नाही. त्यामुळे माझ्या लहान डिस्कवर जागा वाचते.

लेबलाची साखळी

आता आबांच्या लेबलाकडे येऊ. बियाण्याच्या व्यवहारात पैदासकार बियाण्याला पिवळे, पायाभूत बियाण्याला पांढरे आणि प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते. एकापासून दुसरे तयार होते आणि प्रत्येक पायरीवर तपासणी होते. भांडारातही अशीच साखळी आहे. प्रत्येक पॅकेजवरून गणिताने एक लांबलचक अंक काढतात. पॅकेजमध्ये एक अक्षर बदलले तरी तो अंक सपशेल बदलतो. सर्व पॅकेजेसचे अंक एका सूचीत असतात. त्या सूचीचाही अंक एका मुख्य कागदात असतो आणि त्या मुख्य कागदावर देखभाल करणाऱ्यांची संगणकीय सही असते. ती सही ओळखण्याची किल्ली आपल्या प्रणालीत पहिल्यापासूनच असते. ॲप्ट दर वेळी ही साखळी तपासतो आणि सही जुळली नाही तर तसे बजावतो. अशा वेळी 'चालू दे' म्हणण्याचा मोह टाळावा.

प्रणाली उतरवतानाच ही दक्षता घ्यावी लागते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि उतरवण्याचा दुवा एका दूषित प्रतीकडे वळवण्यात आला होता. म्हणून उतरवलेल्या प्रतीचा अंक ताडून पाहावा आणि त्या अंकांच्या यादीवरची सहीही तपासावी. पाच मिनिटांचे काम आहे.

मात्र सही म्हणजे सर्वस्व नव्हे. माल अमुक घरातून आला आणि वाटेत बदलला नाही, एवढेच ती सांगते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्या व्यक्तीने त्या प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संशय आला. त्याने मूळ लेखन तपासले आणि २९ मार्च रोजी सर्वांना सावध केले. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंत ते सॉफ्टवेअर पोहोचले होते, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. घराला चोर लागू शकतो, हे यातून दिसते. आणि सर्वांना मूळ लेखन वाचण्याची मुभा असली की चोर सापडण्याची शक्यता वाढते, हेही दिसते.

भांडाराबाहेरचे मार्ग

हवे ते सॉफ्टवेअर भांडारात मिळाले नाही, किंवा फार जुने मिळाले, तर फ्लॅटपॅक हा मार्ग आहे. त्यात सॉफ्टवेअर आपला बराचसा शिधा बरोबर घेऊन येते. त्यामुळे ते जास्त जागा खाते, पण नवे मिळते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. माझ्यासारख्या कमी जागेच्या संगणकावर आधी भांडारातील पॅकेज पाहावे. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून 'डेब' नावाची फाइल घेऊनही ते बसवता येते. मात्र तेथे भांडाराची तपासणी नसते, म्हणून घर ओळखीचे हवे. वाइन हा १९९३ पासून चालू असलेला प्रकल्प विंडोजची काही सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवतो, पण सर्वच नव्हे. ज्यांचे काम एखाद्या विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवाचून अडते, त्यांनी त्याची खात्री केल्याशिवाय जुनी प्रणाली पुसू नये. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात.

आजीच्या ओव्या

अकरावीत असताना मी संध्याकाळी आजीजवळ बसून ओव्या उतरवून घेत असे. ती सांगे आणि मी थेट संगणकावर टंकत असे. वही अशी नव्हतीच. अकरा ओव्यांचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण होते, बाकीच्या फक्त त्या फाइलीत. आजी २०२४ च्या श्रावणात गेली.

प्रणाली बदलण्यापूर्वी मी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली होती. नव्या प्रणालीत लिबरऑफिस आधीपासूनच होते. २०१० पासून चालत आलेले हे मोफत लेखनसॉफ्टवेअर जुन्या फाइली उघडते, हे मला ठाऊक होते. मी निर्धास्तपणे फाइल उघडली. पाहते तो, सोळा पानांवर नुसती रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी! भाऊ मुऱ्हाळी येतो ती ओवी पहिल्या पानावर आहे, हे मला पाठ होते. तेथे एकही मराठी अक्षर नव्हते. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कारण समजावून सांगितले. टंकलेखन वर्गात मी जुन्या पद्धतीचा फाँट शिकले होते. त्या फाँटात संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते. फाँट त्याच्या जागी फक्त देवनागरी चित्र काढतो. फाँट गेला की सोंग उतरते. युनिकोडमध्ये तसे नसते. १९९१ पासून त्यात देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा आहेत आणि 'क' हा जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क'च असतो. मी फाइल जपली होती, पण फाँट जुन्या डिस्कबरोबर पुसून टाकला होता. यादी करताना सॉफ्टवेअरांची नावे लिहिली. फाँट ही वस्तूही बसवावी लागते, हे सुचलेच नाही.

टंकलेखन वर्गाच्या चालकांकडे तो फाँट परवान्यासह होता. त्यांच्या संगणकावर मी फाइल उघडली. ओव्या जागच्या जागी होत्या. सर्व पाने तेथेच छापून घेतली आणि मगच पुढच्या कामाला लागले.

रूपांतर करताना मराठीच्या लेखनपद्धतीचा एक धडा मिळाला. जुन्या फाँटात डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टंकतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'गिरणी' लिहिताना जुन्या पद्धतीत आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग 'ग'. युनिकोडमध्ये आधी 'ग', मग वेलांटी. 'धर्म' मध्ये रफार जुन्या पद्धतीत 'म' नंतर येतो. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'म' च्या आधी असतात. मी लिबरऑफिसच्या 'शोधा व बदला' या सोयीने आधी जोडाक्षरे, मग सुटी अक्षरे आणि शेवटी वेलांटी व रफार असा क्रम लावला. उलट क्रमाने केले की जोडाक्षरे फुटतात, हे दोनदा हात पोळल्यावर कळले. पाच संध्याकाळी लागल्या. मग छापील पानांशी आणि त्या अकरा ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिले. एका ध्वनिमुद्रणात आजी मध्येच थांबून "लिवलंस का गं?" असे विचारते. या वेळी मी मोठ्याने हो म्हटले.

आता नवे लेखन मी इनस्क्रिप्ट पद्धतीने करते. तिच्यासाठी काहीच बसवावे लागले नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडले की झाले. लोहित, नोटो हे युनिकोड फाँट भांडारात मिळतात. जुनी छापील पाने वाचून त्यांचे मजकुरात रूपांतर करणाऱ्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचे मराठीसाठीचे पॅकेजही तेथे आहे. चुका पुष्कळ तपासाव्या लागतात, पण प्रकल्प लिहिणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.

समारोप

प्रणाली बदलू इच्छिणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवाचे सार असे. प्रथम पेन ड्राइव्हवरून प्रणाली न बसवता चालवून पाहावी. आपल्या कामांची यादी करावी, केवळ सॉफ्टवेअरांच्या नावांची नव्हे. तिच्यात फाँट, कीबोर्ड आणि छपाईयंत्र धरावे. जुन्या फाँटातील मजकूर पुसण्यापूर्वीच युनिकोडमध्ये आणावा आणि एक छापील प्रत काढावी. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. तिने प्रणालीची आजची स्थिती जतन होते, पण आपले लेखन सहसा त्यात नसते, ते वेगळे ठेवावे. सॉफ्टवेअर आधी भांडारात शोधावे, तेथे नसेल तरच बाहेर पडावे, आणि ते कोठून आले हे विचारल्याशिवाय आत घेऊ नये.

ओव्यांची नवी प्रत मी आबांना वाचून दाखवली. आईच्या ओव्या ऐकताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "ह्याचंबी मूठभर बियाणं बाजूला ठिवलंस ना?" मी एक प्रत आपल्या मराठी विभागाकडे आणि एक ग्रंथालयाकडे दिली आहे.